खोर फक्कानचे लोखंडी सराटे

मागच्या थंडीत शारजात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. जेवायला बसलो तेव्हा पाठीमागच्या टेबलावर एक तरुण मुलगा गोष्ट सांगत होता. पूर्वी खोर फक्कानला आपल्याकडचा एक शिडं शिवणारा म्हातारा होता, त्यानं एका मेलेल्या चिनी शिपायाचं चिलखत दुरुस्त केलं. शेवटची गाठ मारताच शिपाई परत आत शिरला आणि त्यानं म्हाताऱ्याचा जबडा असा आवळला की म्हातारा मरेपर्यंत हसतच राहिला. मुलगा दोन्ही हातांनी तोंड ताणून ते हसणं करून दाखवत होता.

मुली किंचाळल्या. माझी नात माझ्याकडे वळली. "ओ माय गॉड, दादा, यू वेअर देअर, ना? इज इट ट्रू?"

"बिर्याणी थंड होतेय," मी म्हणालो.

त्या रात्री काही खाल्लं गेलं नाही. ही गोष्ट मी मस्कतमध्ये ऐकली आहे, रत्नागिरीत ऐकली आहे, एकदा तर अबू धाबीत बँकेच्या रांगेत ऐकली. दर वेळी तिला नवं शेपूट फुटलेलं असतं. दर वेळी मी गप्प बसलो. आता मी ऐंशी ओलांडली आहे आणि तेव्हा खोर फक्कानच्या त्या वखारीत होता असा दुसरा कोणी उरलेला नाही. म्हणून लिहितो. कोणाचंही नाव घालणार नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

पहिली गोष्ट, तो म्हातारा नव्हता. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. तो माझ्या आईच्या गावचा, नात्यानं लांबचा, पण मी त्याला मामू म्हणायचो आणि मला इथं आणून कामाला लावलं तेही त्यानंच.

तेव्हा अमिरातींचा हा देश झालेला नव्हता. खोर फक्कानला आज कंटेनर चढवणाऱ्या क्रेन दिसतात तिथं नुसता अर्धगोल किनारा होता. मागे लगेच उभे काळपट डोंगर, आणि पलीकडे दुबई-शारजाकडे जायचं तर वादीच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रातून दगडांवरून गाडी घालायची. एका अरब व्यापाऱ्याची किनाऱ्यावर वखार होती. त्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, म्हणजे मालक. तांदूळ, साखर, चहा, दोरखंड असला माल मुंबईहून आणि कराचीहून गलबतांनी यायचा. मी तिशीच्या आतला, माल सांभाळायचो, आणि अरबी बोलता यायची म्हणून दुभाष्याही मीच. मामू गलबतांची शिडं शिवायचा. रांधायला श्रीवर्धनकडचा एक भटारी होता. त्याच्या हातापेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं.

वखारीच्या माडीवर एक इंग्रज साहेब भाड्यानं राहायचा. किनारा मोजणाऱ्या कुठल्याशा तुकडीबरोबर आला होता. त्याआधीची बरीच वर्षं त्यानं चीनमध्ये आणि थोडी कलकत्त्यात काढली होती, त्यामुळे बाजारातलं हिंदुस्तानी बोलायचा. त्याला जुन्या चिनी लढायांचं वेड होतं. संध्याकाळी चहाला बोलवायचा आणि आम्ही खाल्लेल्या खजुरांच्या बिया गोळा करून मेजावर फौजा मांडायचा. पुढे ढालवाले. त्यांच्यामागे पानांसकट अख्खा बांबू धरलेला माणूस, समोरच्याच्या तोंडावर झुडूप नाचवायला. त्याच्यामागे भालेवाले. फौज कुठं थांबली की भोवती गाड्यांचा कोट करायचा, कोटापुढे खंदक, खंदकापुढे काटे. मला हे सगळं कॅरमसारखं वाटायचं.

एकदा त्यानं पुढची बी उचलून चहाच्या बशीत टाकली. "नायक मेला," तो म्हणाला. "आता ह्या बाकीच्यांनी काय करायचं?"

"पळायचं," भटारी म्हणाला.

"पळून जिवंत परत आले तर त्यांचंही डोकं उडायचं. नायक मेला आणि तुम्ही कसे जगलात, असं विचारायचे."

मामूनं त्या उरलेल्या बिया एकेक करून बशीत टाकल्या. "मग त्यांना पण तिकडंच जाऊ द्या, साहेब. एकटा कशाला?"

आम्ही हसलो. साहेबही हसला.

साहेबाकडे लाकडी पेट्यांत जुन्या वस्तू होत्या. त्यातल्या मोठ्या पेटीत ते चिलखत होतं. गोष्टीत सांगतात तसं सोन्याचं-बिन्याचं नव्हतं. बोटभर रुंदीच्या काळ्या लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीला भोकं, भोकांतून चामड्याच्या वाद्या ओवून एकीला दुसरी बांधलेली. अशा ओळींवर ओळी, खांद्यापासून मांडीपर्यंत. खोर फक्कानच्या दमट हवेत वाद्या कुजल्या होत्या आणि हात लावला की पट्ट्या गळायच्या. साहेबाला काही आठवडे मस्कतला जायचं होतं. जाण्याआधी त्यानं मामूला विचारलं, नव्या वाद्यांनी हे परत ओवशील का?

मामूनं कधी चिलखत पाहिलं नव्हतं, पण भोक आणि दोरी यांची त्याला भीती नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं तीन-चार ओळी ओवून टाकल्या आणि साहेबाला दाखवल्या. साहेबानं कपाळाला हात लावला. मामूनं घराची कौलं शाकारतात तशा पट्ट्या लावल्या होत्या, वरची ओळ खालच्या ओळीवर चढलेली.

"उलटं आहे," साहेब म्हणाला. "खालची ओळ वरचीवर चढली पाहिजे. घोड्यावरच्या माणसाला भाला खालून येतो. पावसासारखा वरून पडत नाही."

"साहेब, आमच्या गावात सगळं वरूनच पडतं," मामू म्हणाला आणि निमूटपणे वाद्या सोडायला बसला.

साहेब गेल्यावर वखारीच्या मागच्या पडवीत मामूचं काम चालायचं. मी अधूनमधून बघायला जायचो. दुपारी डोंगरावरचं ऊन त्या पडवीत तिरपं यायचं, बाहेर एक माणूस दिसायचा नाही, कावळासुद्धा नाही. आणि त्या उजेडात ते चिलखत दोन वल्ह्यांच्या फुलीवर टांगलेलं असायचं. आत कोणी नाही हे माहीत असूनही मी कधी त्याच्याकडे पाठ करून बसलो नाही. छाती किंचित पुढे, खांदे पडलेले, दमलेल्या माणसासारखे. समुद्रावरून वारं आलं की पट्ट्या एकमेकींवर घासायच्या. किणकिण म्हणता येणार नाही. कोणीतरी दातांवर दात हळूच घासतंय तसा आवाज.

उजव्या काखेखाली काही पट्ट्या वेगळ्या होत्या, नंतर कधीतरी बसवलेल्या. मामूनं तिथं बोट ठेवलं. "ह्याला हितनं मारलाय."

"कशावरून?"

"शिडाला ठिगळ कुठं असतं? फाटतं तिथंच ना?"

मामूची एक सवय होती. समुद्रात गेलेल्या खलाशाचा सदरा किंवा कुठल्या फुटलेल्या गलबताचं शीड हातात आलं की सुई घालण्याआधी तो त्या कापडाशी बोलायचा. "तुझं तुझ्याकडं, माझं माझ्याकडं," एवढंच. मग बिस्मिल्ला म्हणून शिवायला घ्यायचा. चिलखताशीही तो रोज असंच बोलायचा. भटाऱ्यानं ते पाहिलं. त्या दिवसापासून तो मागच्या पडवीत चहा द्यायला येईना. दारातूनच कप सरकवायचा.

"मामू, तो काय जवाब देतो काय?" तो बाहेरून ओरडायचा.

"देतो. म्हणतो, भटाऱ्याच्या डाळीत मीठ नाय."

आता माझ्या वाटणीचं. साहेबाच्या धाकट्या पेटीत लोखंडी काटे होते. सुपारीएवढ्या गाठीतून चार टोकं निघालेली. कसाही फेका, तीन टोकांवर बसतो आणि चौथं वर राहतं. त्यानं मेजावर टाकून दाखवला तेव्हा मी आणि मामू एकदमच म्हणालो, "सराटा!" वाळूत चालताना पायाला लागतो तो आपला सराटा, हुबेहूब, फक्त मोठा आणि लोखंडी. साहेब खूश झाला. चिनी लोकही ह्या काट्याला त्याच झुडपाचं नाव देतात, असं तो म्हणाला. प्रत्येकाच्या गाठीला भोक होतं. ओळीनं दोरीत ओवायचे, शत्रू यायच्या वाटेवर पसरायचे आणि कूच करताना दोरी ओढून पटकन गोळा करायचे. म्हणजे आपलीच माणसं पाय देणार नाहीत.

त्याच दिवसांत वखारीत चोरी होऊ लागली. समुद्राच्या बाजूला खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण होतं आणि त्याला एक खिंडार होतं. तिथून कोणीतरी तांदळाची पोती ओढून नेत होतं. अर्बाबनं गलबताच्या खलाशांसमोर मला विचारलं, "तू माल सांभाळतोस की माल तुला सांभाळतो?" सगळे हसले. मला ते फार लागलं. मी शिकलेला, दुभाष्या, साहेबाच्या मेजावर चहा पिणारा. मला वाटलं, फौज मांडता येते मला.

साहेबानं पेट्या माझ्या हवाली केल्या होत्या. अमानतीच्या वस्तूला हात लावायचा नसतो, हे आम्हांला नमाजाबरोबर शिकवतात. मी काटे काढले. जुनी दोरी कुजलेली, म्हणून मालातला नवा सुंभ घेतला. कोकणातल्या माणसाचा सुंभावर जेवढा विश्वास, तेवढा सख्ख्या भावावर नसेल. खारं पाणी त्याचं काही बिघडवत नाही. त्यात काटे ओवले, खिंडारात वाळूवर पसरले, वर चिमूटभर वाळू भुरभुरवली. निजानीज झाली की पसरायचे, पहाटेच्या अजानीआधी ओढून घ्यायचे. मी कोणालाही सांगितलं नाही. चोर सापडल्यावर सांगायचं ठरवलं होतं. मनातल्या मनात अर्बाबची शाबासकीही ऐकली होती.

इथल्या बकऱ्या मात्र माझ्या हिशेबात नव्हत्या. चारा नाही, म्हणून त्या सुकी मासळी खातात, खोके खातात, पोती खातात. एका पहाटे मी दोरी ओढली आणि ती हलकी आली. मधूनच चघळून तोडलेली होती, वाळूत लेंड्या पडल्या होत्या. मी पायानं वाळू उकरत काटे शोधले. मिळाले तेवढे सुंभासकट पेटीत टाकले. पेटीत किती होते हे मी कधी मोजलंच नव्हतं.

त्या खिंडाराशेजारी पाण्याचं पिंप होतं. आम्ही तिथं वजू करायचो, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायचो. चटई अंथरलेली असायची तिथं चपला काढायच्या आणि पिंपापर्यंत अनवाणी जायचं, चपला पिंपाच्या पाण्यात भिजू नयेत म्हणून. हा नियम मामूनंच घातलेला.

त्याच दिवशी दुपारनंतर, असरच्या नमाजाला, मामू पिंपाकडे गेला आणि "आयव" असं ओरडला. मी धावलो. तो एका पायावर उभा होता. टाचेजवळ रक्ताचा एक थेंब, तेवढंच.

"खजुरीचा काटा," तो म्हणाला. "ह्या कुंपणाच्या आयला."

त्यानं पाण्यानं पाय धुतला, परत वजू केली आणि नमाजाला उभा राहिला. मी त्याच्या मागे उभा राहायचं सोडून पिंपापाशी वाकलो. वाळूतून टोक वर आलेलं होतं. मी ते उपटून खिशात टाकलं आणि मग नमाजाला गेलो. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा ते मांडीला टोचत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मामू शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण मग साहेबाच्या पेटीला हात लावल्याचं निघालं असतं, आणि जखम तर केवढी, थेंबभर. मामूनं भटाऱ्याकडून हळद आणि गरम खोबरेल घेऊन लावलं. दोन दिवसांत तो नीट चालायला लागला. खिशातला काटा मी पेटीत टाकला. काट्यांची पेटी बंद केली.

मामूनं चिलखत पुरं केलं. खालची ओळ वरच्या ओळीवर, साहेबानं सांगितलं तसं. त्यानंतर काही दिवसांनी, जेवताना, त्यानं घास उचलला आणि तोंड उघडेना.

"काय रे मामू, बायकोची आठवण आली काय?" भटारी म्हणाला.

"जबडा धरलाय," मामू म्हणाला. थंडी लागली असेल असं आम्हांला वाटलं. संध्याकाळपर्यंत त्याची मान ताठ झाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही ओठांचे कोपरे मागे ओढले गेले, भुवया वर चढल्या आणि तो हसू लागला. लग्नातल्या मुलानं करून दाखवलं ते हसणं तेवढं खरं होतं. तोंड हसत होतं आणि डोळे आमच्याकडे मदत मागत होते.

आम्ही त्याला मागच्या पडवीत निजवलं, तिथं वारा लागायचा म्हणून. चिलखत तिथंच टांगलेलं होतं. समुद्रावरून झुळूक आली, पट्ट्या घासल्या, आणि मामूची पाठ चटईवरून उचलली गेली. डोकं आणि टाचा टेकलेल्या, मधलं अंग कमानीसारखं वर. झुळूक थांबली, तो खाली आला. परत झुळूक आली, परत तसंच. भर दुपार होती. उजेड इतका की डोळे दुखत होते. त्या उजेडात मी हे पाहिलं, आणि मला काटा माहीत असूनसुद्धा क्षणभर वाटलं की वल्ह्यांवरचा तो माणूस दोरी ओढतोय आणि इकडे मामू उठतोय.

"तोच हाय!" भटारी दारातून ओरडला. त्याच्या ओरडण्यानं मामू पुन्हा वाकला. "रोज बोलत होता त्याच्याशी. आता तो बोलतोय ह्याच्याशी. काढा ते! काढा!"

मी चिलखत उतरवून माडीवर नेऊन ठेवलं. खाली आलो तर भटाऱ्याच्या हातून झाकण पडलं आणि मामू त्या आवाजानंही वाकला. मग समुद्रपक्षी ओरडला तरी. दाराची सावली अंगावर पडली तरी.

"बघ," भटारी कुजबुजला, "चिलखत गेलं तरी तो आत राहिला."

अर्बाबनं गावातल्या मुतव्वाला बोलावलं. मशिदीत मुलांना कुराण शिकवणारा, एका डोळ्यानं अधू, फार शांत माणूस. आल्याबरोबर जिन्न उतरवायला फुंकर मारत बसेल असं वाटलं होतं. त्यानं तसं केलं नाही. त्यानं मामूचा जबडा चाचपला, पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून अरबीत विचारलं, "ह्याला गेल्या काही दिवसांत जखम झाली होती का? काही टोचलं, चावलं? मी एका उंटवाल्याला असा पाहिलाय, पायात खिळा गेला होता."

भटाऱ्याला अरबी येत नव्हती. मामूला थोडी येत होती, पण त्याचे दात मिटलेले होते. अर्बाब माझ्याकडे बघत होता. मामूही माझ्याकडेच बघत होता.

"ला," मी म्हणालो. नाही.

तो एक शब्द. पुढचं सगळं त्या शब्दातून निघालं. मुतव्वानं मान हलवली, मामूच्या उशाशी बसला आणि हळू आवाजात कुराणातल्या आयती पढू लागला. त्यानं काही चुकीचं केलं नाही. मी जे सांगितलं त्यावर तो चालला. भटारी किनाऱ्यावर गेला आणि रत्नागिरीला निघालेल्या गलबताच्या खलाशांना त्यानं सगळं सांगितलं. गलबत सुटलं. मामू जिवंत असतानाच त्याच्या मरणाची गोष्ट समुद्रावर निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओठांवर पाणी सोडत होतो. अंग आकडीनं मोडत होतं, पण शुद्ध पूर्ण होती, आणि हेच त्या रोगाचं सगळ्यांत वाईट. त्यानं दातांमधून काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

"मी... काय... गुन्हा केला... त्याचा?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. भटाऱ्याचं बोलणं त्यानं ऐकलं होतं आणि त्यालाही ते पटलं होतं. कोणा परक्या मुलखातल्या मेलेल्या शिपायाचा आपण अपमान केला, म्हणून आपल्याला ही शिक्षा, असं मानून तो मरत होता. ज्याच्याशी तो रोज इतक्या अदबीनं बोलला त्याचाच.

"मामू, जिन्न नाय," मी म्हणालो. "तो काटा खजुरीचा नव्हता. साहेबाचा लोखंडी सराटा होता. चोरासाठी मीच टाकले होते."

माझ्या आवाजानं त्याला आकडी आली. मी तोंडावर हात ठेवून ती ओसरायची वाट पाहिली. ओसरल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. चेहरा तसाच, ओठ मागे ओढलेले, दात दिसणारे. त्या चेहऱ्यावर राग होता, की माफी, की त्याला नुसतं पाणी हवं होतं, हे मला कळायला काही वाटच नव्हती. त्याचं तोंड फक्त हसत होतं. साठ वर्षं होत आली, मी ते तोंड वाचायचा प्रयत्न करतोय.

मी तसाच उठून अर्बाबकडे गेलो आणि सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "काल मुतव्वानं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"ला."

"का?"

 त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. बाहेर जाऊन त्यानं लँडरोव्हर काढायला सांगितली. "यल्ला," चला, एवढंच म्हणाला, आणि तो शब्द कोणी इतक्या हळू म्हटलेला मी पुन्हा ऐकला नाही.

वादीच्या दगडांवरून आम्ही दिवसभर दुबईकडे चाललो होतो. प्रत्येक खड्ड्याला मामू वाकायचा. मी त्याच्या डोळ्यांवर फडकं धरलं होतं आणि कानांत कापूस घातला होता. दवाखान्यात डॉक्टरनं आधी जखमच विचारली. मी टाच दाखवली. भोक मिटलेलं होतं. बोट ठेवल्याशिवाय दिसेना. त्यांनी अंधाऱ्या खोलीत ठेवलं, इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी तो गेला. एक दिवस आधी आणला असता तर, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. वाचलाही असता, नसताही. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. तो बोलला तसं लिहिलं. त्या रोगाला मराठीत धनुर्वात म्हणतात, हे मला पुढे कळलं.

दुबईच्याच कबरस्तानात आम्ही त्याला पुरलं. गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, मी घातली. मेल्यावर चेहरा सैल पडला होता आणि तो परत मामू दिसत होता.

मस्कतहून साहेब आला. चिलखत पाहताना मामूची बातमी ऐकून त्याला रडू आलं. मग त्यानं धाकटी पेटी उघडली. नवा सुंभ पाहून म्हणाला, "काटे तू परत ओवलेस? चांगलं केलंस." अर्बाब शेजारी उभा होता. आम्ही दोघं काही बोललो नाही. साहेब गेला तेव्हा त्या पेट्या मीच गलबताकडे जाणाऱ्या पडावात चढवल्या.

हंगाम संपल्यावर मी गावी गेलो. गोष्ट माझ्या आधी पोचून जुनी झाली होती. मामूच्या घरी पुरुष बसले होते, मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. मामी पडद्याआडून म्हणाली, "तू तिथं होतास. खरं काय?"

"अल्लाला ठाऊक," मी म्हणालो.

खोटं पहिल्यांदा बोललो ते भीतीनं. हे दुसरं कशानं, तेही मला सांगता येत नाही. बहुधा तिथं बसलेल्या माणसांच्या लेखी मी तो जिन्न पाहून आलेला माणूस होतो, आणि ते मला आवडलं. हे लिहायला मला सगळ्यांत जड गेलं.

मामूची मुलगी तेव्हा परकर नेसायची. आता सत्तरीला आली आहे, रत्नागिरीत असते. शारजाच्या लग्नानंतर मी नातीला नंबर लावायला सांगितला आणि मामूच्या त्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं.  

मग ती म्हणाली, "माझं पहिलं जमलेलं लग्न मोडलं, माहिताय? जिन्न लागलेल्याची मुलगी म्हणून."

"माहिताय."

"माझ्या पोरांना जन्मल्यापासून ताईत बांधले मी. एकाचं तोंड जरा वाकडं दिसलं, रडताना, हसताना, की दर्ग्यावर पळायचे. कशासाठी रे? एका काट्यासाठी?"

"हो."

"आई त्याच भीतीत गेली. बाबांसाठी दुआ मागताना पण ती घाबरायची, आवाज दुसऱ्याच कोणाला पोचेल म्हणून."

 मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते तुझं तू बघ. मला लिहून दे. जमातीत जुम्म्याच्या नमाजानंतर वाचायला लावते. बाबांचं नाव नको त्यात. त्या गोष्टीत ते पुष्कळ फिरलंय, आता राहू दे त्याला. आणि तुझंही नको. तुझं आलं की लोक तुझीच गोष्ट करतील."

म्हणून नावं नाहीत.

ज्यांच्यासमोर हे वाचलं जाईल त्यांना एवढंच सांगतो. चिलखतात कोणी नव्हतं. एका सज्जन माणसानं ते नीट ओवलं, त्याचा कोणताही गुन्हा नव्हता. त्याच्या पायात लोखंडाचा काटा गेला. तो मी ठेवला होता, आणि विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. त्याच्या मुलीच्या पोरांच्या गळ्यात, आणि त्यांच्या पोरांच्या गळ्यात, त्या भीतीपायी बांधलेला ताईत अजून असेल तर तो आज काढावा.